चार खोटे पेच

मुलांनो, एक लांबच लांब खोली डोळ्यांसमोर आणा. तुमच्या शाळेचे तीन वर्ग एकापुढे एक जोडले तर होईल तेवढी. पूर्वी इथे बाटल्या धुवायचे, म्हणून फरशीला मधोमध उतार आहे, आणि टेबलावरून पडलेली कोणतीही गोल वस्तू मुकाट्यानं घरंगळत मधल्या नालीत जाऊन बसते. बाटल्या गेल्या. आता तिथे सहा टेबलं आहेत, कानशी आहेत, पकडी आहेत, करवती आहेत. खिडक्यांना निळ्या-पिवळ्या काचेचे तुकडे बसवले आहेत. बाहेरच्या भिंतीवर चढलेला एक वेल फुटक्या तावदानातून आत आला आहे. त्याला कुणी छाटलं नाही, उलट धरायला एक दोरी बांधून दिली आहे.

दिसली खोली? आता तिच्यात माणसं घाला.

या माणसांनी स्वतःला दिलेलं नाव बरंच लांब होतं, पत्रकावर दोन ओळी खायचं. गल्लीतले लोक त्यांना नुसतं ‘उजेडवाले’ म्हणायचे, आणि लोकांनी दिलेलं नावच शेवटी टिकतं. जगाचं वाटोळं होणार असं सांगणारे पुष्कळ असतात. उजेडवाल्यांचं म्हणणं असं, की वाटोळं होणार असं रोज ऐकलं की माणूस हातपाय गाळून बसतो. त्यापेक्षा जग चांगलं झालं तर ते कसं दिसेल, हे आधी काढून दाखवा. छपरावर बाग असलेली घरं काढा, उन्हावर चालणारी बस काढा, गल्लीतल्या गल्लीत दुरुस्त होणारी खुर्ची काढा. चित्र आवडलं की माणसं आपोआप त्या दिशेनं चालू लागतात. म्हणून त्यांच्यात भाषणं करणारे कमी आणि आराखडे काढणारे जास्त होते. वाचवणं म्हणजे तोंड पाडून बसणं नव्हे, असं ते म्हणत. वस्तू देखणी असली की माणूस ती जपतो, जपली की ती टिकते, आणि टिकली की टाकावी लागत नाही.

त्यांचा एक नियम होता. त्याला ते ‘नाण्याचा नियम’ म्हणायचे. इथे तयार झालेली प्रत्येक वस्तू घरातल्या साध्या नाण्यानं उघडता आली पाहिजे. तुम्ही ज्याला स्क्रू म्हणता त्याला आम्ही जुनी माणसं पेच म्हणतो. तर पेच एका सरळ खाचेचा हवा, बाहेरून दिसणारा हवा, आणि खाचेत नाणं बसायला हवं. जी वस्तू तुम्हाला उघडता येत नाही ती तुमची नाही, तुम्ही फक्त तिचे पाहुणे आहात, असं त्यांनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

भिंतीवरची ही ओळ मावशीच्या हातची होती.

मावशी म्हणजे आपल्या गोष्टीतल्या मुलीची मावशी. ती वस्तूंचे आराखडे काढायची, आणि त्या खोलीतले निम्मे आराखडे तिचेच होते. मुलगी अकरा वर्षांची. आई दवाखान्यात नर्स, तिच्या पाळ्या बदलत, म्हणून शाळा सुटली की मुलगी सरळ मावशीकडे यायची. पण ती तिथे दप्तर ठेवून बसून राहणारी पाहुणी नव्हती. तिला काम होतं. कोणतीही नवी वस्तू झाली की मावशी ती तिच्यापुढे ठेवायची, एक नाणं द्यायची आणि म्हणायची, “बघू, उघड.”

मग मावशी मोठ्यानं शंभरपर्यंत मोजायची. शंभराच्या आत मुलीच्या हातांनी वस्तू उघडली तर ती पास. मुलीचे हात पुरले म्हणजे कुणाचेही पुरतील.

एकदा एक पंखा होता. मावशीनं त्यावर दीड महिना घालवला होता. मुलीला तो उघडायला एकशे तीस लागले. तिचा चेहरा एवढासा झाला. “मी हळू आहे,” ती म्हणाली.

“वेडी का तू?” मावशी म्हणाली. “शंभराच्या वर गेलीस म्हणजे चूक माझी. तुझी नाही.” आणि तिनं तिथल्या तिथे दीड महिन्याचा पंखा सोडवून सुटे भाग टेबलावर मांडले. मुलीला तो दिवस फार आवडला होता. मोठी माणसं चूक कबूल करतात हे तिनं ऐकलं होतं, पण घडताना पहिल्यांदाच पाहिलं.

घट्ट बसवलेल्या पेचांच्या खाचा मावशी नेहमी उभ्या ठेवायची. सगळ्या सरळ उभ्या, परेडमधल्या शिपायांसारख्या. “उभी खाच म्हणजे पेच जागा आहे,” ती सांगायची. “एखादी तिरकी दिसली तर समजायचं, हा डुलक्या घेतोय, घट्ट कर.” साऱ्या खोलीत ही खोड फक्त तिचीच.

मग दिवा आला.

तो पानाच्या आकाराचा होता. पानाच्या पाठीवर काळी पट्टी, ती दिवसभर ऊन पिणार. संध्याकाळी पान उलटं केलं की पोटातून उजेड. देठ लवचीक होता, पाहिजे तिकडे वळायचा. पाठीला चार कोपऱ्यांत चार पेच. मुलीनं तो बासष्ट मोजेपर्यंत उघडला आणि आतली वायर, बॅटरी, सगळं नावानिशी दाखवलं. गल्लीतले सगळे तो पाहायला येऊन गेले. घड्याळवाले आजोबासुद्धा आले. त्यांचं दुकान खोलीला लागूनच होतं, आणि उजेडवाल्यांची चेष्टा करणं हा त्यांचा दुपारच्या चहाइतकाच ठरलेला कार्यक्रम.

“उद्याचं जग छान होणार म्हणे,” आजोबा दिवा उलटासुलटा करत म्हणाले. “आणि आजचं घड्याळ कोण बघणार? मीच ना?”

“तुम्ही बघा आज, आम्ही बघतो उद्या,” मुलगी म्हणाली.

“ऐका! इंजिनीयरबाई बोलल्या.” पण त्यांनी दिवा लगेच परत दिला नाही. चारही पेच स्वतःच्या नाण्यानं उघडून पाहिले, परत बसवले, आणि जाताना पुटपुटले, “काम स्वच्छ आहे. कौतुक समजू नका.”

दिव्याची बातमी एका मोठ्या कारखान्यापर्यंत गेली. कारखान्याचे साहेब आले. फार गोड बोलायचे. त्यांनी वेलाचे फोटो काढले, भिंतीवरच्या ओळीचा फोटो काढला. असे दिवे आम्ही हजारांनी करू, म्हणाले. मावशी दोन-तीनदा त्यांच्याकडे जाऊन आली. तेव्हा मुलीची सहामाही जवळ आली होती. कारखान्यात तयार झालेला पहिला नमुना तिच्यापुढे आला नाही. तिनं विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, “या वेळी तुझ्याकडून परीक्षा नको घ्यायला. तुझीच परीक्षा आहे ना?” दोघी हसल्या.

परीक्षा संपली आणि मावशीनं तिला एक मोठं काम दिलं. पहिले दिवे आपल्याच गल्लीत द्यायचे ठरलं होतं. प्रत्येक घरानं आपला जुना दिवा द्यायचा, त्याचे भाग सोडवून वापरायचे, आणि त्या बदल्यात नवा घ्यायचा. पण लोक हातातलं सोडायला सहज तयार होत नाहीत. त्यांना पटवायला कुणीतरी हवं.

“तू जा,” मावशी म्हणाली. “तू उघडून दाखव. तुझं लोक ऐकतात.”

मुलगी खोलीतला तो पहिला दिवा पिशवीत घालून घरोघर गेली. एकेचाळीस घरं. प्रत्येक दारात तिनं दिवा उघडला, वायर दाखवली, बंद केला. “बिघडला तर टाकायचा नाही, उघडायचा,” ती सांगायची. “तुम्हाला नाही जमलं तर मला हाक मारा. मी उघडून देईन. शब्द देते.” काही जणांनी तिला पाणी दिलं, काहींनी उलटतपासणी घेतली. शिवणकाम करणाऱ्या काकू मशीनवरचा जुना दिवा द्यायला मुळीच तयार नव्हत्या. “तुझ्या शब्दावर देते हं,” त्या शेवटी म्हणाल्या. “मावशीच्या नाही, तुझ्या.”

नवे दिवे खोक्यांतून आले. हिरवेगार, चकचकीत, पाठीवर चार चंदेरी पेच. घराघरांत गेले. खिडक्यांतून पानं दिसू लागली. गल्ली खरंच देखणी झाली. रविवारी मोठं प्रदर्शन ठरलं, बाहेरून पाहुणे येणार, आणि मुलीनं व्यासपीठावर दिवा उघडून दाखवायचा असंही ठरलं.

शुक्रवारी दुपारी शिवणकामवाल्या काकूंनी खिडकीतून हाक मारली. “अगं ए! तुझा दिवा बंद पडलाय!”

मुलगी धावतच वर गेली. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता. पहिली दुरुस्ती! काकूंच्या मशीनवर अर्धा शिवलेला परकर होता. त्यांनी तो बाजूला सारून जागा करून दिली.

“वायर सुटली असेल,” मुलगी म्हणाली. “दोन मिनिटं.”

“बघ बाई. सुईत दोरा ओवायचा तर हल्ली मला बॅटरी लावावी लागते.”

मुलीनं नाणं खाचेत घातलं आणि फिरवलं. नाणं सटकलं. तिनं नीट धरून पुन्हा फिरवलं. पुन्हा सटकलं, आणि या वेळी नाण्याच्या कडेला चंदेरी रंग आला. तिनं दुसरा पेच पाहिला, तिसरा, चौथा. चौथ्यावरचा रंग खरवडला गेला आणि खालून हिरवं प्लास्टिक दिसलं. पानाच्याच अंगाचं हिरवं.

“काय झालं गं?”

“काही नाही काकू. घट्ट बसलेत. खाली नेऊन आणते.”

ती खोलीत गेली नाही, घड्याळवाल्या आजोबांकडे गेली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आजोबांनी डोळ्याला भिंग लावलं, दिवा जवळ घेतला. मग पानाची कड नखानं चाचपत गेले.

“गंजले असतील ना?” मुलगी म्हणाली.

“अगं, गंजायला लोखंड लागतं.” आजोबांनी भिंग काढलं. “हे पेच नाहीत. पेचांची चित्रं आहेत. साच्यातच काढलेली. वर रंग दिलाय.”

“मग दिवा उघडतो कुठून?”

“उघडत नाही. दोन्ही भाग तापवून एकमेकांना चिकटवलेत. उघडायचा म्हणजे फोडायचा, आणि फोडला की गेला.” ते थांबले. “हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, असं म्हणतात ना...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “खरं तर मला आज हसायला यायला हवं होतं. इतके दिवस मीच म्हणत होतो. पण नाही येत हसू.”

“कारखान्यानं फसवलं मावशीला,” मुलगी म्हणाली.

आजोबांनी भिंग तिच्याकडे सरकवलं. “तूच बघ,” म्हणाले.

मुलीनं भिंगातून पाहिलं. आधी फक्त चंदेरी ओरखडे दिसले. मग खाचा दिसल्या. चारही खाचा सरळ उभ्या होत्या. परेडमधल्या शिपायांसारख्या.

ती किती तरी वेळ भिंगातून पाहत राहिली, म्हणजे वर बघावं लागणार नाही.

मावशी खोलीत प्रदर्शनाचे फलक रंगवत होती. मुलीनं दिवा तिच्या टेबलावर ठेवला.

“मावशी, हा उघडत नाही.”

“जोर लाव,” मावशी मान वर न करता म्हणाली.

“लावला. नाण्याला रंग लागला.”

मावशीचा कुंचला थांबला. तिनं खोलीत नजर फिरवली. दोघंतिघं काम करत होते. “दार लोटून घे, आणि इकडे ये,” ती हळूच म्हणाली आणि मागच्या सामानाच्या खोलीत शिरली. मुलगी दिवा उचलून मागोमाग गेली. त्या खोलीला दार आहे हे तिच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. ते कधी लावलेलंच नसायचं.

“ऐक,” मावशी म्हणाली. “कारखान्यात एका दिव्याला चार पेच बसवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात अकरा दिवे चिकटवून होतात. ते म्हणाले, पेच हवेत तर दीड-दोन हजार दिवे करू. पेच नकोत तर वीस हजार. वीस हजार घरांत उन्हाचा दिवा, राजा! आपण इथे बसून आयुष्यभर केले तरी तेवढे होतील का?”

“नाही.”

“मग?”

“मग पेच नाहीत असं ठरलं, तर चित्र कशाला काढलंस?”

मावशीनं हाताचा रंग फडक्याला पुसला. बोटं स्वच्छ झाली तरी पुसतच राहिली. “लोकांना ते बघायला आवडतात. उजेडवाल्यांचा दिवा म्हटलं की पेच दिसायला हवेत, असं साहेबांचं म्हणणं पडलं. ती आपली ओळख आहे म्हणे.”

“आणि खाचा उभ्या?”

“हाताची सवय गं. काढताना कळलंसुद्धा नाही.” ती कसनुसं हसली. मुलगी हसली नाही.

“मी घरोघर जात होते तेव्हा तुला माहीत होतं?”

“तेव्हा सगळं नक्की नव्हतं...”

“नमुना आला होता?”

“आला होता.”

“किती दिवस आधी?”

“दिवस काय मोजत बसलीस? मी काय चोरी केली का?”

“किती, मावशी?”

“नऊ,” मावशी म्हणाली.

बाहेर कुणीतरी करवत चालवत होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू गेली नसतीस.”

मुलांनो, वीस हजारांचं गणित त्या मुलीला कळलं होतं. अकरा दिव्यांचंही कळलं होतं. वीस हजार घरं ही काही खोटी गोष्ट नव्हती, आणि मावशी वाईट बाई नव्हती. पण या शेवटच्या वाक्यात गणित नव्हतं. आपण नाही म्हणणार हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिनं विचारलंच नाही. तिला मुलीचा चेहरा हवा होता, हात हवे होते, शब्द हवा होता. फक्त मुलगी नको होती. परकं कुणी फसवतं तेव्हा राग येतो. इथे राग यायलाही जागा नव्हती, कारण ज्या माणसाकडे जाऊन ‘बघ ना, मला फसवलं’ म्हणून रडायचं, तेच माणूस समोर उभं होतं.

मावशीनं फळीवरून एक खोका काढला. आत दोन दिवे होते. हिरवे, चकचकीत, अगदी कारखान्यातल्यासारखे.

“हे मी वेगळे करून घेतलेत. खऱ्या पेचांचे. रविवारी व्यासपीठावर तू यातला एक उघड. नेहमीसारखा. लोक टाळ्या वाजवतील, कारखान्याला हुरूप येईल. पुढच्या वर्षी मी त्यांच्याशी भांडून पेच घालायला लावते. वचन देते तुला.”

“आणि काकूंचा?”

“त्यांना दुसरा देऊ. गुपचूप बदलून.”

“आणि हा?”

मावशीनं कोपऱ्यातल्या डब्याकडे पाहिलं. टाकाऊ सामानाचा डबा. मुलीनं ते पाहणं पाहिलं.

शनिवारी ती मावशीकडे गेली नाही. आईला वाटलं, तिला बरं नाही. कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. “मावशीशी काही झालं का?” आईनं विचारलं. “भांडू नकोस गं तिच्याशी. किती जीव आहे तिचा तुझ्यावर.”

“माहीत आहे,” मुलगी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जीव नसता तर सोपं झालं असतं.

शाळेत कुणी शाई सांडली आणि कुणी पाहिलं नसलं तर काय करायचं, हे तिला शिकवलेलं होतं. पण तिनं काही सांडलंच नव्हतं. तिचा हात धरून दुसऱ्या कुणी सांडलं होतं. मग डाग कुणाचा? आपण गप्प बसलो तर कुणाला कळणार नव्हतं. दिवे आज लागत होते. वर्षभरानं, दोन वर्षांनी एकेक बॅटरी थकेल, एकेक घरातून हाक येईल, ‘अगं ए, तुझा दिवा बंद पडलाय!’ आणि प्रत्येक वेळी तिला म्हणावं लागेल, ‘घट्ट बसलेत, खाली नेऊन आणते.’ हे वाक्य ती एकदा काकूंना म्हणाली होती. तेव्हा ते खोटं आहे हे तिला माहीत नव्हतं. निदान पुरतं माहीत नव्हतं. पुढच्या वेळी असेल.

रविवारी सकाळी नऊ वाजता मावशी घरी आली. तिनं नवा कुर्ता घातला होता, हातात तो खोका होता. ती खूश दिसायचा प्रयत्न करत होती.

“झाली का तयारी? चल, पाहुणे यायला लागले. साहेब तर कधीचे आलेत, वेलापाशी उभं राहून फोटो काढून घेतायत.”

मुलगी कपडे करून, वेणी घालून दारात उभीच होती. पण ती जिना उतरायला निघाली नाही.

“मी येत नाही,” ती म्हणाली.

“अगं, असं काय करतेस? मग उघडणार कोण?”

“तुला येतं की.”

“लोक तुझी वाट बघतायत. तुझं नाव सांगून ठेवलंय मी.” मावशीचा आवाज खाली आला. “हे बघ, आज एक दिवस. माझ्यासाठी.”

“मागच्या वेळीसुद्धा तुझ्यासाठीच गेले होते.”

मावशीनं जिन्याचा कठडा धरला. “सगळ्यांसमोर माझं नाक कापणार आहेस का तू?”

“नाही. मी तिकडे येतच नाहीये.”

“तू असं करशील असं मला वाटलं नव्हतं.”

“मलाही,” मुलगी म्हणाली. “तुझ्याबद्दल.”

तिला ते टाकून बोलायचं नव्हतं. ते तिच्या तोंडून खरं म्हणून निघालं, आणि म्हणूनच मावशीला लागलं. ती खोका काखेत धरून एकेक पायरी उतरत गेली. मुलीला तिच्या मागे धावत जावंसं वाटलं. खूप वाटलं. तिनं चौकट घट्ट धरून ठेवली.

जिन्यातला आवाज थांबल्यावर ती निघाली. प्रदर्शन डाव्या हाताला होतं, तिकडून ध्वनिक्षेपकावर कुणीतरी ‘एक, दोन, तीन’ म्हणत होतं. ती उजवीकडे वळली आणि पहिल्या इमारतीचा पहिला मजला चढली.

काकू प्रदर्शनाला निघण्याच्या गडबडीत होत्या. “अगं, तू इथे कशी? तुझा कार्यक्रम ना?”

“काकू, तुमचा दिवा उघडणार नाही,” मुलगी म्हणाली. “पेच खोटे आहेत. एकाही दिव्याला खरे पेच नाहीत. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं, पण सांगितलं मीच.”

काकू पायात एकच चप्पल घालून उभ्या राहिल्या. “म्हणजे माझा जुना दिवाही गेला?”

“हो.”

“मग आता काय करायचं?”

“ते मला अजून माहीत नाही,” मुलगी म्हणाली. “आधी तुम्हाला कळायला हवं होतं.”

काकूंनी दुसरी चप्पल पायात घातली नाही. पहिलीही काढली. “जा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता की आणखी काही, हे तिला ओळखता आलं नाही. “बाकीच्यांनाही सांग.”

शेजारच्या घरातल्या बाईंनी ऐकून नुसता सुस्कारा टाकला. त्यापुढच्या घरात कुलूप होतं. दुसऱ्या मजल्यावर बस चालवणारे काका राहत होते. त्यांना सुटी होती, अंगात बनियन, गालावर अर्धा फेस. मुलीनं “काका, तो दिवा” एवढंच म्हटलं.

“नको! एक घेतला तेवढा पुरे. आता तिकडे येऊन टाळ्याही वाजवायच्या का?” आणि त्यांनी दार लावून घेतलं.

खालून टाळ्यांचा आवाज आला. व्यासपीठावर कुणीतरी काहीतरी उघडलं असावं. मुलगी बंद दारासमोर उभी होती. एकेचाळिसातली अडतीस घरं अजून बाकी होती, आणि या घरातही तिचं सांगून झालं नव्हतं.

तिनं पुन्हा बेल वाजवली.